मॅनिफोल्डचं गॅस्केट पुन्हा पुन्हा जळतंय? नट आवळण्याआधी हे बघा

सकाळी थंड इंजिन सुरू केलं की बॉनेटखालून टिक-टिक किंवा फट-फट असा आवाज येतो. दहा-पंधरा मिनिटांत गाडी तापली की तो कमी होतो, कधी पूर्ण थांबतो. गॅरेजमध्ये दाखवलं की मॅनिफोल्डचं, म्हणजे जळलेला गॅस इंजिनातून सायलेन्सरकडे नेणाऱ्या लोखंडी फाट्याचं, गॅस्केट (जोडात दबून गॅस रोखणारी पट्टी) बदलून मिळतं आणि महिना-दोन महिने शांततेत जातात. मग एखाद्या रविवारी साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासला जाऊन यावं, आणि सोमवारी सकाळी तोच आवाज परत. पुन्हा नवं गॅस्केट, पुन्हा नट आवळणं, या वेळी जरा जास्त जोर लावून. असं करता करता एक दिवस स्टड (मॅनिफोल्ड धरणारा आट्यांचा दांडा) इंजिनाच्या वरच्या भागात, हेडमध्येच तुटतो आणि छोटंसं काम हेड उतरवण्यावर जातं.

ॲम्बेसेडर, मारुती ८००, जुन्या जीप, सगळ्यांच्या मालकांकडून हीच तक्रार ऐकायला मिळते, आणि प्रत्येकाला वाटतं की बाजारात मिळणारं गॅस्केटच हलकं आहे. हलकं गॅस्केट असतंही. पण या दुखण्याचं मूळ तिथे क्वचित सापडतं. गॅस्केट ही फक्त सगळ्यात आधी जळणारी वस्तू आहे. परत परत येणारी गळती जास्त आवळून जात नाही. कोणता नट ढिला झाला, तो का झाला, हे शोधलं तरच जाते. म्हणून खोलण्याच्या आधीची अर्धी तपासणी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच घाईत राहून जाते.

आवाज मॅनिफोल्डचाच आहे का

टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) आवाज आणि मॅनिफोल्डच्या गळतीचा आवाज थंड इंजिनावर सारखेच वाटतात, आणि त्यामुळे टॅपेट विनाकारण सेट केले जातात. फरक असा की गळतीचा आवाज ॲक्सिलरेटर दाबताच एकदम वाढतो आणि गाडी तापल्यावर दबतो, कारण लोखंड फुगून फट भरून निघते. टॅपेटचा आवाज इंजिनाच्या वेगाबरोबर नुसता जलद होतो, जोर लावला म्हणून फारसा मोठा होत नाही. हातभर रबरी नळी घ्या, एक टोक कानाशी धरा आणि दुसरं टोक हेडच्या कडेनं एकेका पोर्टपाशी (गॅस बाहेर पडायच्या तोंडापाशी) फिरवा. जिथे गळती आहे तिथे कानात सरळ फुंकर बसते. नळी पंख्यापासून आणि बेल्टपासून लांब ठेवा, हे वेगळं सांगायला नको.

अजून एक जुनी युक्ती आहे. इंजिन रनिंगवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता सुरू, ठेवून कुणाला तरी सायलेन्सरच्या तोंडावर ओल्या फडक्याची जाड घडी दोन-तीन सेकंद दाबायला सांगा. मागून वाट बंद झाली की गॅस पुढच्या फटीतून जोरात निघतो आणि जागा लगेच कळते. थंड इंजिनावर सुरुवातीच्या मिनिटभरात जोडावर साबणाचं पाणी टाकलं तर बुडबुडेही दिसतात. तापलेल्या मॅनिफोल्डवर पाणी मात्र कधीही टाकू नका, बिडाच्या (ओतीव) लोखंडाला तडा जाऊ शकतो. काही जण इनलेटची (हवा-पेट्रोल आत नेणाऱ्या बाजूची) गळती शोधायला पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनर फवारतात. ज्या इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकमेकांना चिकटून आहेत, तिथे हा प्रकार म्हणजे आगीला आमंत्रण आहे. तिथेही साबणाचं पाणीच वापरा, थंड इंजिनावर. पाणी आत ओढलं गेलं की रनिंग क्षणभर बदलतं.

इथे एक गोष्ट थांबून सांगतो, कारण लोक ती हसण्यावारी नेतात. एक्झॉस्टच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. बॉनेटखाली सुटलेला गॅस फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या) भोकांतून, वायरिंगच्या सुटलेल्या रबरातून, हवा आत घेणाऱ्या झडपेतून केबिनमध्ये येतो. पावसाळ्यात काचा बंद करून पसरणीचा घाट चढताना मागच्या सीटवरच्या मुलांचं डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं, तर दर वेळी घाटाच्या वळणांना दोष देऊ नका. काचा उघडा, गाडी बाजूला घ्या, सगळ्यांना मोकळ्या हवेत उतरवा. गळती दुरुस्त होईपर्यंत ती गाडी लांबच्या प्रवासाला काढू नका आणि बंद शेडमध्ये सुरू ठेवू नका.

खोलण्याआधी कागद-पेन्सिल घ्या

इंजिन रात्रभर थंड झालेलं असू द्या. कागदावर स्टडची रांग काढा, रेडिएटरकडून मागे क्रमांक घाला. आता रिंग पाना घेऊन एकेक नट हलकेच आवळायच्या दिशेनं तपासा. जोर लावायचा नाही, फक्त बघायचं की तो किती सहज फिरतो. प्रत्येकासमोर लिहा: घट्ट, थोडा ढिला, हातानं फिरतोय.

हा कागद बरंच काही सांगतो. सगळे नट सारखेच थोडे ढिले असतील तर मोठी भानगड नाही: नवं गॅस्केट दबलं आणि ते दबल्यावर कुणी पुन्हा आवळलं नाही. दोन्ही टोकांचे नट ढिले आणि मधले घट्ट असतील तर मॅनिफोल्ड वाकलंय, किंवा उष्णतेनं लांब होताना त्याला सरकायला जागा मिळत नाही. फक्त खालच्या पाइपजवळचा किंवा एकाच टोकाचा ढिला असेल तर गाडीखाली जाऊन सायलेन्सर टांगणारे रबर बघा, कुणीतरी मॅनिफोल्डला खाली ओढतंय. मधलाच एखादा सारखा ढिला होत असेल तर त्या स्टडचे आटे गेलेत किंवा स्टड ताणला गेलाय. आणि सगळे नट घट्ट असूनही गॅस फुंकत असेल, तर नट आवळून काही होणार नाही, हे तिथेच ठरलं. अशा वेळी फट पृष्ठभागात असते किंवा मॅनिफोल्डला तडा गेलेला असतो.

मग नट काढा. अडकलेल्या नटांना आदल्या संध्याकाळीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. पाना लावल्यावर एकदम झटका देऊ नका. थोडा सोडवा, थोडा परत घ्या, पुन्हा सोडवा. गॅसची ज्योत लावावीच लागली तर आधी बॅटरीची वायर सोडवा, कार्बोरेटर आणि पेट्रोलची नळी काढून लांब ठेवा आणि नळीचं तोंड बंद करा.

जुनं गॅस्केट निघालं की ते कचऱ्यात टाकू नका. कोऱ्या कागदावर ठेवून उजेडात बघा. जिथे नीट दाब होता तिथे एकसारखा ठसा असतो. जिथे फट होती तिथे काळी काजळी पोर्टपासून कडेकडे पसरलेली दिसते. दोन टोकांच्या पोर्टवर काजळी खालच्या बाजूला आणि मधे काहीच नाही, असं असेल तर मॅनिफोल्ड धनुष्यासारखं वाकलंय हे पट्टी लावण्याआधीच कळतं. ठसा एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला पुसट असेल तर वायसर तिरका बसत होता. फार जुन्या गाड्यांच्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून हेडला चिकटलेले तुकडे कोरडे घासू नका, हवा मारून उडवू नका. ओलं करून, तोंडाला मास्क लावून खरवडा आणि तुकडे पिशवीत बंद करून टाका.

घाट आणि लोखंड

सपाट रस्त्यावर वर्षभर न तक्रार करणारी गाडी एका घाटात का बिघडते, याचा हिशोब करून बघण्यासारखा आहे. बिडाचं लोखंड दर अंशाला, दर मीटर लांबीमागे साधारण ०.०११ मिलिमीटर वाढतं. मॅनिफोल्ड ४० सेंटिमीटर लांब धरा. खंबाटकी किंवा पसरणी चढताना, दुसऱ्या गिअरवर पूर्ण जोर लावलेला असताना, एक्झॉस्टचं लोखंड सहज ४०० ते ५०० अंशांवर जातं. म्हणजे ते पावणेदोन ते दोन मिलिमीटर लांब होतं. पण ज्या हेडवर ते बसवलंय ते पाण्यानं थंड होतं, नव्वद-शंभर अंशांच्या आसपास राहतं, आणि जेमतेम ०.३ मिलिमीटर वाढतं. उरलेला दीड मिलिमीटर मॅनिफोल्डनं हेडवर सरकून काढायचा असतो.

म्हणूनच मॅनिफोल्डची भोकं स्टडपेक्षा मोठी असतात, टोकाची तर आणखी सैल. म्हणूनच जोड असा हवा की तो गॅस रोखेल आणि लोखंडाला सरकूही देईल. जोर लावून आवळलेला नट ही सरकण्याची वाटच बंद करतो. मग लांब व्हायला जागा न मिळालेलं लोखंड वाकतं, नाहीतर स्टडला बाजूला दाबतं, नाहीतर एखाद्या कोपऱ्यात फुटतं. घाट उतरताना ते थंड होऊन आखडतं आणि फट उघडी पडते. दुसऱ्या दिवशी सकाळी जो आवाज येतो तो हाच.

याच कारणानं आवळण्याचा क्रम मधून बाहेर. टोकांपासून सुरुवात केली तर मधला भाग अडकून पडतो, त्याला किंचितही बाक असेल तर तो तिथेच कोंडला जातो. मधून सुरुवात केली की लोखंड दोन्ही बाजूंना मोकळं पसरत बसतं.

ॲम्बेसेडरचा मोठा वायसर

ॲम्बेसेडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन मूळ ब्रिटिश, बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीजचं. त्यात इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही हेडच्या एकाच बाजूला आहेत. इनलेटची दोन तोंडं, एक्झॉस्टची तीन, अशी पाच पोर्टची रांग, आणि सगळ्यांना एकच लांब गॅस्केट. मधल्या स्टडवर एक मोठा, जाड वायसर असतो. त्याची अर्धी बाजू एक्झॉस्टच्या कानावर (नटाखाली येणाऱ्या चपट्या भागावर) बसते, अर्धी इनलेटच्या कानावर. एकाच नटानं दोघांना धरायचं, अशी ही रचना.

यातली अट लक्षात घ्या: दोन्ही कानांची जाडी सारखी हवी. ती सारखी नसेल तर वायसर तिरका बसतो, जाड कान घट्ट आणि पातळ कान सैल. नट कितीही आवळा, सगळा जोर जाड कानावरच जातो.

कोरेगावच्या एका निवृत्त गुरुजींच्या ॲम्बेसेडरचं हेच झालं होतं. गुरुजी ती गाडी फार जपतात, लग्नसराईत गावातले नवरा-नवरी त्याच गाडीतून जातात. मॅनिफोल्ड फुंकतंय म्हणून एका ठिकाणी एक्झॉस्ट काढून त्याचं फेसिंग करून, म्हणजे हेडला टेकणारा पृष्ठभाग मशीनवर सपाट करून, दिलं होतं. काम स्वच्छ होतं, पृष्ठभाग आरशासारखा. पण त्यानंतर रनिंग वरखाली व्हायला लागलं, पिकअप गेला, आणि तिकडे नवं गॅस्केट पुन्हा जळलं. आमच्या गॅरेजमध्ये गाडी आली तेव्हा कामावरचा पोरगा पाना घेऊन म्हणाला, "काका, मधला अजून पाव आटा घेतो."

"थांब बाळा," मी म्हणालो. "आधी व्हर्नियर आण."

बारीक जाडी मोजणाऱ्या त्या व्हर्नियरनं मोजलं तर फेसिंगनंतर एक्झॉस्टचे कान इनलेटच्या कानांपेक्षा जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरनं पातळ झालेले होते. इनलेटवर सगळा दाब आणि एक्झॉस्ट मोकळं. एक्झॉस्ट फुंकत होतं म्हणून आधी कुणीतरी वायसरला कानस मारून वाकडं करून बघितलं होतं, त्यानं इनलेटही धड बसेना. गुरुजी शांतपणे म्हणाले, "म्हणजे पहिलं काम चांगलं झालं, म्हणून दुसरं बिघडलं." अगदी तसंच. इनलेटच्या कानांची बाहेरची बाजू तेवढीच उतरवून घेतली, जाडी जुळवली, नवे सपाट वायसर टाकले, आणि नेहमीच्याच जोरानं आवळल्यावर जोड बसला.

म्हणून ॲम्बेसेडरचं फेसिंग करायचं असेल तर इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही एकत्र जोडून, एकाच सेटिंगमध्ये, एकाच पातळीत करून घ्या आणि घरी आणल्यावर कानांची जाडी मोजा. इनलेट आणि एक्झॉस्ट मधोमध एकमेकांना बोल्टनं जोडलेले असतील, पेट्रोलला ऊब मिळावी म्हणून, तर परत बसवताना ते मधले बोल्ट आधी सैल ठेवा. दोन्ही भाग हेडवर हातानं बसू द्या, हेडचे नट आवळून घ्या आणि मग मधले बोल्ट आवळा. उलट केलं तर दोघांचं जुळलेलं वाकडेपण हेडवर लादलं जातं.

पृष्ठभाग

हेड आणि मॅनिफोल्ड दोन्ही साफ झाले की सरळ पोलादी पट्टी उभी धरून सगळ्या पोर्टवर आडवी लावा आणि खाली फिलर गेजचं (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांच्या मापाचं) पान सरकवून बघा. ०.१० मिलिमीटरचं पान कुठेही शिरत असेल तर फेसिंगला पाठवा. कानशीनं घासून सपाट करण्याचा मोह टाळा. हातानं एक पोर्ट सपाट होतो, पण पाचही पोर्ट एका पातळीत येत नाहीत, आणि आपल्याला पातळी हवी आहे.

या बाबतीत सातारा नशीबवान गाव आहे. धनजीशा कूपर यांनी १९२२ साली इथे कारखाना काढला, तेव्हापासून बीड ओतणारी आणि घासणारी माणसं या गावात आहेत. जुन्या एमआयडीसीत सरफेस ग्राइंडिंगचं मशीन असलेली वर्कशॉप सापडतात. तिथे जाताना मॅनिफोल्ड नुसतं टाकून येऊ नका. किती उतरवायचं ते सांगा: सपाट होण्यापुरतं, एक घाव जास्त नाही.

स्टड, नट, वायसर

इथे पैसे वाचवणं सगळ्यात महाग पडतं. जुना स्टड बाहेरून धड दिसला तरी मधे बारीक झालेला असतो. नवा नट त्यावर हातानं शेवटपर्यंत फिरत नसेल, मधेच अडकत असेल, तर तो स्टड ताणला गेलाय. दोन नट एकमेकांवर लॉक करून बाहेर काढा आणि बदला. हार्डवेअरच्या दुकानातला साधा आट्यांचा रॉड कापून लावू नका, तो मऊ असतो आणि तापून ताणत राहतो. किमान ८.८ ग्रेडचा (मजबुतीच्या दर्जाचा) स्टड घ्या.

ॲम्बेसेडरचे आटे इंची आहेत. ५/१६ इंच आणि ८ एमएम यांच्यात व्यासाचा फरक नगण्य, त्यामुळे ८ एमएमचा नट इंची स्टडवर चढतोय असं वाटतं, दोन आटे जातो आणि मग पान्यानं ढकलला जातो. तो घट्ट लागल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात आटे खाल्लेले असतात. नट नेहमी हातानं शेवटपर्यंत जायला हवा.

एक्झॉस्टला पितळी नट चांगले, ते गंजून स्टडला चिकटत नाहीत. साधा स्प्रिंग वायसर इथे वापरू नका. उष्णतेनं त्याची स्प्रिंग मरते आणि तो सपाट होऊन बसतो, म्हणजे नटाखाली आपोआप सैलपणा येतो. जाड सपाट वायसरच योग्य. हेडमधल्या भोकाचे आटे टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून साफ करा, आत साठलेला गंज आणि काजळी हवेनं काढा. बारक्या वाटणाऱ्या या कामावर स्टड सरळ बसणं अवलंबून आहे.

गॅस्केटच्या एका बाजूला पत्रा आणि दुसऱ्या बाजूला मऊ थर असेल तर पत्र्याची बाजू मॅनिफोल्डकडे ठेवा, म्हणजे तापलेलं लोखंड पत्र्यावरून सरकतं आणि गॅस्केट फाटत नाही. एक्झॉस्टच्या जोडावर सिलिकॉन लावू नका. ते जळतं आणि जळाल्यावर तिथे मोकळी जागा राहते.

किती आवळायचं

गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेला आकडा हाच शेवटचा शब्द. तो हाताशी नसेल तर ८ एमएम किंवा ५/१६ इंची स्टडला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर, म्हणजे २ ते अडीच किलोग्रॅम-मीटर (मीटरभर लांब पान्याच्या टोकाला तेवढ्या किलोंचा जोर), एवढं पुरतं. हे चाकाच्या नटापेक्षा कितीतरी कमी आहे, आणि इथेच गडबड होते. गॅरेजमधला मोठा टॉर्क पाना (आवळायचा जोर मोजणारा) चाकासाठी असतो, त्याचा आकडा ४० च्या पुढे सुरू होतो. त्यानं २० मोजता येत नाही. लहान टॉर्क पाना लागतो.

नसेल तर ताणकाटा वापरा. सामान मोजायचा साधा हुकाचा काटा. रिंग पान्यावर नटाच्या मध्यापासून बरोबर २० सेंटिमीटरवर खूण करा, तिथे काट्याचा हुक अडकवा आणि पान्याला काटकोनात ओढा. काट्यावर १० किलो आले की २ किलोग्रॅम-मीटर झाले, म्हणजे जवळजवळ २० न्यूटन-मीटर. १२ किलोला २.४. एकदा हे करून बघाच. बहुतेकांना धक्का बसतो की एवढंच पुरतं. "दाबून आवळ" म्हणून पोरांना जे शिकवलं जातं ते याच्या दुप्पट-तिप्पट असतं.

आट्यांना कॉपर ग्रीस लावलं असेल तर घर्षण कमी होतं आणि त्याच आकड्याला स्टडवर जास्त ताण येतो. तेव्हा जोर साधारण पाचव्या हिश्शानं कमी ठेवा. सगळे आटे कोरडे किंवा सगळे ग्रीस लावलेले, असंच करा. अर्धे असे, अर्धे तसे नको.

आता क्रम. खालचा एक्झॉस्ट पाइप अजून जोडलेला नसावा, किंवा पूर्ण सैल असावा. सगळे नट हातानं बसवा. मधल्या दोघांपासून सुरुवात करून एक इकडचा, एक तिकडचा, असं टोकांपर्यंत जात पहिल्या फेरीत साधारण निम्मा जोर लावा. दुसऱ्या फेरीत पूर्ण. तिसरी फेरी फक्त खात्रीसाठी, त्याच जोरानं, कारण शेवटचे नट आवळताना गॅस्केट दबून मधले किंचित सैल झालेले असतात. हे झालं की मगच खालचा पाइप जोडा. तो आपोआप जागेवर यायला हवा. ओढून, वाकवून, जॅक लावून बसवावा लागत असेल तर तो ताण रोज मॅनिफोल्डवर राहणार. सायलेन्सरचे तुटलेले रबर बदला, इंजिनाचं बसलेलं माउंटिंग बघा. आपल्याकडच्या रस्त्यांवर, विशेषतः ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरांनी उखडलेल्या वाटांवर, लोंबणारा पाइप दर खड्ड्याला मॅनिफोल्डला हिसका देतो. एकाच बाजूचा नट सारखा ढिला होणाऱ्या बहुतेक गाड्यांचं दुखणं असं खाली सापडतं.

परत कधी आवळायचं

गाडी सुरू करा, चांगली तापू द्या, बंद करा आणि रात्रभर सोडा. सकाळी थंड इंजिनावर त्याच क्रमानं, त्याच जोरानं पुन्हा फेरी मारा. नट थोडे फिरतील, ते अपेक्षितच आहे, नवं गॅस्केट दबलेलं असतं. गरम इंजिनावर आवळू नका. मॅन्युअल वेगळं सांगत असेल तेवढाच अपवाद. त्यानंतर तीन-चारशे किलोमीटर झाल्यावर, त्यात एखादा घाट आलेला असेल तर उत्तम, एक शेवटची तपासणी. या तपासणीत कोणताच नट फिरायला नको. फिरला, तर तो जास्त आवळू नका. तो कोणता आहे ते कागदावरच्या क्रमांकाशी ताडून बघा आणि त्याच जागचा स्टड, कान, पाइप पुन्हा तपासा.

मारुती ८०० मध्ये मोठा सामाईक वायसर नाही, त्यामुळे वरची जाडीची भानगड तिथे येत नाही. बाकी सगळं तसंच: मधून बाहेर, बेताचा जोर, थंड इंजिन. तिथे हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटे पटकन जातात, म्हणून जास्त जोराची शिक्षा लवकर मिळते. आटे गेलेच तर मोठा स्टड ठोकण्याऐवजी हेलिकॉइल (भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवणाऱ्याकडे न्या.

एवढं करूनही लोखंड पुन्हा वाकत असेल तर इग्निशनचं टायमिंग तपासा. टायमिंग मागे असेल, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असेल, तर जळतं मिश्रण सिलिंडरमधून बाहेर पडेपर्यंत जळत राहतं आणि सगळी उष्णता मॅनिफोल्डवर येते. मिश्रण फार पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) असेल तरीही गाडी जास्त तापते. रात्री घाट चढून थांबल्यावर बॉनेट उघडून मॅनिफोल्ड मंद लाल दिसत असेल, तर दोष गॅस्केटचा नाही, ट्यूनिंगचा आहे.

आणि तडा. पृष्ठभाग सपाट, स्टड नवे, तरी फुंकत असेल तर मॅनिफोल्ड तारेच्या ब्रशनं स्वच्छ करा, थंड असताना त्यावर रॉकेल लावून पुसा आणि वर खडूची पूड टाका. तड्यातलं रॉकेल वर येऊन पांढऱ्यावर रेघ उमटते. बिडाचं वेल्डिंग करायचं तर आधी पूर्ण तुकडा तापवून आणि नंतर राखेत किंवा कोरड्या वाळूत सावकाश थंड करूनच करायला हवं. थंड बिडावर सरळ रॉड मारला तर वेल्डिंगच्या शेजारीच नवा तडा जातो. वेल्डिंग झाल्यावर फेसिंग पुन्हा करून घ्या, कारण त्या उष्णतेनं पातळी हललेलीच असते, आणि ॲम्बेसेडर असेल तर कानांची जाडी परत मोजा.